टीआर६ हायवेवर तापते : फॅन विकत घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. गाडी १९७२ ची ट्रायम्फ टीआर६ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरवाली. शहरातल्या गर्दीत तापमानाचा काटा मध्यापेक्षा जरासा वर राहतो, पण त्रास होत नाही. हायवेवर ताशी ९०-१०० च्या वेगाने वीसेक मिनिटं चालवली की काटा लाल भागाकडे सरकायला लागतो. वेग कमी केला की खाली येतो. थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलून पाहिला, मग काढूनच टाकला. मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला. फरक शून्य. आता इंजिनवरचा मूळचा फॅन काढून मोठा इलेक्ट्रिक फॅन बसवावा का?

बसवू नका, निदान या तक्रारीसाठी तरी नको. गाडी ताशी ५०-६० च्या वर गेली की समोरून आपोआप येणारा वारा कुठल्याही फॅनपेक्षा जास्त असतो. त्या वेगाला फॅन बंद पडला तरी काट्याला ते कळायला नको. तुमची गाडी गर्दीत शांत आहे आणि वेगात तापते. म्हणजे फॅन त्याचं काम करतोय, दोष दुसरीकडे आहे. पैसे खर्च करण्याआधी तो दोष कुठे आहे ते शोधू.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मी एक गोष्ट गृहीत धरून सुरुवात करतो. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचा रेडिएटर, तिचा पंप आणि तिचा फॅन तिला पुरेसे होते. भर उन्हाळ्यात, पूर्ण वेगाने, तासन् तास. आज ते पुरत नसेल तर पन्नास वर्षांत काहीतरी बदललंय: काहीतरी बुजलंय, झिजलंय, गळून पडलंय, किंवा कुणीतरी चुकीचं बसवलंय. ते ‘काहीतरी’ न शोधता मोठा रेडिएटर, मोठा फॅन, जास्त पाती असा भार वाढवत गेलं तर मूळ बिघाड जागेवरच राहतो आणि हळूहळू हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पट्टीपर्यंत) पोचतो.

याला अपवाद आहेत, ते मान्य करायला हवेत. ट्रायम्फ स्टॅगच्या तीन लिटर व्ही-८ इंजिनात वॉटर पंप दोन सिलिंडर रांगांच्या मध्ये, फार उंचावर बसवला होता. पाणी थोडं जरी कमी झालं तरी सगळ्यात आधी पंपच कोरडा पडायचा. सनबीम टायगरमध्ये चार सिलिंडरच्या गाडीसाठी आखलेल्या जागेत फोर्डचं २६० घनइंचांचं व्ही-८ कोंबलं होतं, त्यामुळे गरम हवा बाहेर जायला वाटच नव्हती. जॅग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या गाड्यांना एकच लहान इलेक्ट्रिक फॅन होता. १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत जॅग्वारने स्वतःच दोन फॅन दिले आणि समोरचं तोंडही मोठं केलं. अशा गाड्यांत सुधारणा करण्यात तथ्य आहे. टीआर६ त्यांतली नाही. तिचं लोखंडी ब्लॉक-हेडचं अडीच लिटर सहा सिलिंडरचं इंजिन साधं आहे, समोर जागा भरपूर आहे, आणि तिची मूळ व्यवस्था चांगली आहे.

पहिला प्रश्न: गाडी खरोखर तापते का? हा प्रश्न वाचून राग येऊ देऊ नका. ‘तापते’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत फक्त काटा खोटं बोलत असतो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही काटे एकाच छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. त्याचं काम म्हणजे बॅटरीच्या बारा-चौदा व्होल्टचे सरासरी दहा व्होल्ट करून देणं. तो बिघडला, किंवा त्याचं अर्थिंग गंजलं, की पूर्ण व्होल्टेज काट्यांपर्यंत जातं आणि दोन्ही काटे वर चढतात. म्हणून आधी पेट्रोलचा काटा पाहा. टाकी पूर्ण भरल्यावर तो ‘फुल’च्याही पलीकडे जात असेल तर संशय स्टॅबिलायझरवर. वेगात अल्टरनेटरचं व्होल्टेज वाढतं, म्हणजे असा खोटा काटा हायवेवर आणखी वर जाणार. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखं. दुसरी शक्यता सेन्सरची. बाजारात मिळणारे नवे सेन्सर बरेचदा मूळ गेजशी जुळत नाहीत, थोडे जास्त दाखवतात.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. एक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. थर्मोस्टॅटच्या घरावर, सेन्सरच्या शेजारी, काळ्या मॅट रंगाचा किंवा साध्या मास्किंग टेपचा ठिपका लावा आणि त्या ठिपक्यावर नेम धरून वाचा. चकचकीत पितळ किंवा घासलेलं ॲल्युमिनियम यावर ही बंदूक चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवते. हायवेवरून काटा वर असतानाच बाजूला थांबा, इंजिन चालू ठेवा आणि लगेच मोजा. तिथे ८५-९५ अंश दिसत असेल तर गाडी ठणठणीत आहे, गेज दुरुस्त करा आणि निर्धास्त चालवा. १०५-११० दिसत असेल तर पुढचं सगळं वाचा.

आकड्यांबद्दल थोडं सांगतो, कारण भीती बहुतेक आकड्यांचीच असते. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, दर तीनशे मीटर उंचीला हा बिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. पण रेडिएटरच्या झाकणाखाली दाब असतो. सात पीएसआयच्या झाकणाखाली साधं पाणी १११-११२ अंशांच्या आसपास उकळतं, तेरा पीएसआयला ११९ च्या आसपास. अर्धं पाणी आणि अर्धं एथिलीन ग्लायकॉल असेल तर त्यावर आणखी सहा-सात अंशांची सवड मिळते. म्हणजे ९८ अंशांवर चालणारी गाडी ‘उकळायला दोन अंश बाकी’ अशा अवस्थेत नसते. मात्र झाकण निकामी असेल तर ही सगळी सवड नाहीशी होते. झाकणाची स्प्रिंग मऊ पडते, रबर चिरतं. शिवाय झाकणं दोन खोलींची मिळतात. खोल मानेच्या रेडिएटरवर आखूड झाकण बसवलं तर ते वरून घट्ट फिरतं, पण आतलं रबर बैठकीला टेकतच नाही आणि दाब धरला जात नाही. तुम्ही रेडिएटर बदललाय, झाकण जुनंच लावलंय का ते नक्की पाहा.

आणि एक धोक्याची सूचना. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर वाफेत लोंबतो आणि काटा चक्क खाली पडतो. चढत असलेला काटा अचानक उतरला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. त्या क्षणी थांबा.

गाडी खरोखर तापतेय असं ठरलं की पुढचा प्रश्न: कधी तापते? माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं. उभ्या गाडीत किंवा गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर हवा कमी पडतेय: फॅन, बेल्ट, श्राउड (फॅनभोवतीचं आवरण). वेगात तापते आणि हळू चालवली की उतरते, तर एकतर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता पाण्यात ओततंय, किंवा पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा समोरची हवा रेडिएटरला टाळून जातेय. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होतो, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. फक्त इंजिन बंद केल्यावर काटा चढतो, तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. पाणी फिरायचं थांबलेलं असतं आणि लोखंडातली साठलेली उष्णता पाण्यात उतरते, पाच-दहा मिनिटांनी ती निवळते. असं तापून थांबल्यावर गाडी पुन्हा नीट सुरू होत नसेल तर तिथे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतंय. तो वेगळा आजार आहे, रेडिएटर बदलून बरा होत नाही.

तुमचा प्रकार वेगाचा. इथे बहुतेक जण थेट रेडिएटरकडे धावतात. मी आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क पोचवणारा भाग, उघडतो.

कारण असं. पेट्रोलमधून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर, आणि उरलेला पाण्यात. ही वाटणी स्पार्क कधी पडतो यावर बदलते. स्पार्क उशिरा पडला तर मिश्रण पिस्टन खाली जाऊ लागल्यावरही जळत राहतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही वायू भयंकर तापलेला असतो, आणि तो हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टमधून जाताना भोवतीच्या पाण्याला ती उष्णता देतो. हायवेवर ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो. सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून त्याला स्पार्क आणखी आधी हवा असतो. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं, स्प्रिंगा आणि काही गाड्यांत व्हॅक्यूम कॅप्सूल (इंजिनच्या हवेच्या ओढीने हलणारी पडद्याची डबी) करतात. पन्नास वर्षांचं ग्रीस सुकून वजनं अडकली की आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, बरोबर दिसतं, पण मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना स्पार्क तिथेच उभा असतो. गाडी चालते, ओढते सुद्धा, फक्त जराशी सुस्त वाटते आणि तापते. मालकाला सुस्ती कळत नाही, कारण ती वर्षांनुवर्षं हळूहळू आलेली असते.

तुमच्या गाडीत याला आणखी एक पदर आहे. १९७० च्या आसपास धुराचे नियम कडक झाल्यावर अनेक कार्ब्युरेटरवाल्या टीआर६ ना व्हॅक्यूम रिटार्ड दिला गेला. म्हणजे आयडलला कॅप्सूल स्पार्क मागे ओढतं. त्यामुळे पुस्तकात आयडलचं टायमिंग वरच्या बिंदूनंतर (पिस्टन अगदी वर पोचतो तो बिंदू) ४ अंश असं असतं, तर स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद ठेवून लावलेलं) वरच्या बिंदूआधी १० अंश. आता समजा, पुढे कधीतरी कुणी ती व्हॅक्यूम नळी काढून बंद केली आणि मग पुस्तक उघडून आयडलला ‘नंतर ४ अंश’ लावले. झालं! सगळा आलेख चौदाएक अंश मागे सरकला, आयडलपासून पूर्ण वेगापर्यंत. अशी गाडी हायवेवर तापणारच, तिला ट्रकचा रेडिएटर लावा तरी. तुमची नळी जोडलेली आहे का, आणि टायमिंग कोणत्या अवस्थेत लावलंय, हे मला सगळ्यात आधी ऐकायला आवडेल.

तपासणी अशी करा. टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावा, व्हॅक्यूम नळी काढून तोंड बंद करा, आयडलपासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत फेऱ्या हळूहळू वाढवा. खूण सलग, न अडखळता पुढे सरकली पाहिजे आणि फेऱ्या उतरल्यावर तितक्याच सहज परत आली पाहिजे. अडखळत असेल तर डिस्ट्रिब्युटर उघडून वजनं साफ करा, दोन्ही स्प्रिंगा जागेवर आहेत का पाहा. मग कॅप्सूलच्या नळीला तोंडाने हवा ओढा. प्लेट हलली पाहिजे आणि नळीवर जीभ धरली तर ओढ टिकली पाहिजे. टिकत नसेल तर आतला पडदा फाटलाय. हे करण्याआधी पुलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवायचा का, तेही ठरवा. क्रँकच्या टोकावरच्या या पुलीचं, म्हणजे डॅम्परचं, बाहेरचं कडं आतल्या भागाला रबराने चिकटवलेलं असतं. रबर म्हातारं झालं की कडं सरकतं आणि त्यावरची खूणही सरकते. मग तुम्ही कितीही काळजीपूर्वक टायमिंग लावा, ते चुकीचंच लागणार. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या बिंदूला आणून खूण शून्याला येते का पाहा. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) घालून दोन्ही बाजूंनी फिरवून मध्य काढला तर सगळ्यात अचूक.

टायमिंगनंतर मिश्रण. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली तर ज्वलन लांबतं आणि इंजिन तापतं. हायवेवरच हे होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पेट्रोलचा पुरवठा: अर्धा बुजलेला फिल्टर, दमलेला पंप, फ्लोट चेंबरची कमी पातळी. हळू चालवताना पुरतं, वेगात कमी पडतं. आजकालच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असेल तर त्याच जेटमधून मिश्रण आपसूक तीन-चार टक्क्यांनी पातळ होतं. एवढ्याने निरोगी गाडी तापत नाही, पण आधीच काठावर असलेली गाडी काठ ओलांडते. प्लग वाचून हे कळतं. सपाट मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने काही किलोमीटर चालवा, मागे-पुढे कुणी नाही हे पाहून क्लच दाबा, इग्निशन बंद करा, आयडल न होऊ देता बाजूला थांबा आणि प्लग काढा. स्टिअरिंग लॉक होणार नाही याची काळजी घ्या, किल्ली फक्त एकच टप्पा मागे. पोर्सिलेन फिकट तपकिरी हवं. खडूसारखं पांढरं असेल किंवा त्यावर बारीक चकचकीत मणी असतील, तर मिश्रण पातळ आहे. सहांपैकी फक्त एकदोन प्लग पांढरे असतील तर त्या बाजूची मॅनिफोल्ड गॅस्केट (मिश्रण आत नेणाऱ्या नळकांड्याच्या जोडावरची पट्टी) हवा ओढतेय.

आता पाण्याचा प्रवाह. खालचा होज आधी बघा, कारण यात पाच मिनिटं लागतात. पंप रेडिएटरच्या खालच्या टोकातून पाणी ओढतो, त्यामुळे वेगात त्या होजमध्ये ओढ तयार होते. होज मऊ पडलेला असेल आणि आत तारेची स्प्रिंग नसेल तर तो पिचकतो आणि पाण्याची वाट बंद होते. आयडलला तो छान गोल दिसतो. बॉनेट उघडून, इंजिन पूर्ण गरम असताना, कुणाला तरी तीन-साडेतीन हजारांपर्यंत फेऱ्या नेऊन धरायला सांगा आणि टॉर्चने बघा. टीआर६ चा फॅन थेट क्रँकच्या टोकावर असतो आणि तो सतत फिरतो, म्हणून बाही, मफलर, हात सगळं लांब ठेवा. नव्या होजच्या संचात बरेचदा ही स्प्रिंग येत नाही. जुन्यातली गंजली नसेल तर ती काढून नव्यात घाला.

पंपाची पाती गंजून झिजतात, किंवा पाती आणि घर यांच्यातली फट जास्त राहते. विशेषतः पत्र्याच्या पातळ पात्यांचे स्वस्त बदली पंप आयडलला पुरतात, वेगात पुरत नाहीत. बेल्ट दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर साधारण १३ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून सैल असेल आणि बाजू चकचकीत झाल्या असतील तर तो वेगात घसरतोय.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल. कृपया परत बसवा. उघडलेला थर्मोस्टॅट पाण्याला फारसं अडवत नाही, म्हणून गरम इंजिनात तो काढून मिळवण्यासारखं काही नसतं. उलट नुकसान होऊ शकतं. तो बाहेरच्या वाटेवर थोडा अडथळा ठेवतो, त्यामुळे ब्लॉक आणि हेडमधला दाब रेडिएटरपेक्षा जास्त राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो, तिथे वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. ‘पाणी फार जोरात गेलं तर रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही’ हे कारण सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. जॅग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनांतला बाहीवाला थर्मोस्टॅट असाच होता. तो काढला, किंवा त्या जागी साधा बसवला, की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परत येतं आणि गाडी आणखी तापते. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी दोऱ्याला टांगून पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, सोबत थर्मामीटर ठेवा. ८२ अंशांचा असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि उकळण्याआधी पूर्ण उघडला पाहिजे. नवे थर्मोस्टॅटसुद्धा खराब निघतात.

रेडिएटर बदलून फरक पडला नाही, हे तुम्ही निराशेने लिहिलंय. माझ्यासाठी ती मोलाची माहिती आहे: जुना रेडिएटर बहुधा निर्दोष होता. तो टाकून देऊ नका. नवीन रेडिएटरचीही परीक्षा घ्याच. गरम इंजिनावर इन्फ्रारेड बंदूक कोअरवरून (रेडिएटरच्या नळ्या-पंखांच्या जाळीवरून) ओळीने फिरवा. गरम पाणी शिरतं त्या बाजूपासून बाहेर पडतं त्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा स्पष्ट गार असेल तर तिथल्या नळ्या बंद आहेत. आणि जाड म्हणजे चांगला हा समज सोडा. चार ओळींच्या, दाट पंखांच्या कोअरमधून हवा कमी जाते, मागच्या ओळींपर्यंत पोचते तेव्हा ती तापलेलीच असते.

हवेची वाट हा टीआर६ मधला फार दुर्लक्षित विषय आहे. ग्रिल आणि रेडिएटर यांच्यामध्ये मूळ गाडीत फायबरबोर्डाचा एक डिफ्लेक्टर असतो. दिसायला तो पुठ्ठा, म्हणून रंगकाम करताना काढला जातो आणि परत कधीच बसत नाही. पण त्याचं काम मोठं आहे. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. कोअरमधून जाणं कठीण, बाजूने, वरून, खालून जाणं सोपं. तो पुठ्ठा नसेल तर वेगात समोर येणारी बरीचशी हवा रेडिएटरला स्पर्शही न करता इंजिनच्या कप्प्यात शिरते, तिथला दाब वाढवते आणि कोअरमधून येणाऱ्या हवेलाच अडवते. नवा डिफ्लेक्टर विकत मिळतो, पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून घरीही कापता येतो. रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा. समोर लावलेले जादाचे दिवे, बॅज, ऑइल कूलर यांनी कोअरचा किती भाग झाकलाय तेही बघा. तुमची गाडी अलीकडे रंगवली असेल तर हा पुठ्ठा माझ्या यादीत टायमिंगच्या लगेच खाली येतो.

ब्लॉकमधला गाळ ही सावकाश वाढणारी गोष्ट. लोखंडी ब्लॉक वर्षांनुवर्षं साध्या पाण्यावर चालला असेल तर गंज आणि ओतकामातली उरलेली वाळू मागच्या सिलिंडरांच्या तळाशी बसते, कारण तिथे प्रवाह सगळ्यात मंद असतो. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा. पाणी आलं नाही, तर उत्तर मिळालं. तारेने टोकरा, चिखल येईल. खरी सफाई करायची तर मागचे वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांत ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या) काढून उलट दिशेने जोराच्या पाण्याने धुवावं लागतं. बाटलीतल्या रसायनाने घट्ट बसलेला गाळ निघत नाही. कुठलंही आम्ल वापरणार असाल तर तुमचा ॲल्युमिनियम रेडिएटर आधी वेगळा करा.

हेड गॅस्केटची तपासणी मी शेवटी सांगतोय, पण कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल तर ती पहिल्यांदा करा. वेगात सिलिंडरमधला दाब वाढतो, गॅस्केटमधल्या बारीक वाटेने वायू पाण्यात शिरतो, त्याचा फुगा हेडमध्ये साठतो आणि तिथे पाणीच पोचत नाही. गर्दीत हा दाब कमी असतो, म्हणून गाडी शहाण्यासारखी वागते. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळ्या द्रवाचं तपासणी किट मिळतं. ज्वलनाचा वायू त्यातून गेला की निळा रंग पिवळा होतो. पातळी थोडी कमी करून तपासा, कूलंट आत ओढला गेला तर चाचणी वाया जाते. जोडीला कॉम्प्रेशन तपासा, शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर गॅस्केट त्यांच्यामध्ये गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी पिवळट साय मात्र पुरावा धरू नका, छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने येते.

कूलंटबद्दल दोनच गोष्टी. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, म्हणून ‘जास्त घातलं तर जास्त गार’ असं होत नाही, निम्म्याच्या पुढे जाऊ नका. आणि लोखंड, पितळ, सोल्डर यांच्या जुन्या गाड्यांत मी सिलिकेट असलेलं पारंपरिक कूलंटच वापरतो, दर दोन वर्षांनी बदलतो. भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि गाडीचं नाक थोडं उंच करा, नाहीतर हवा अडकून राहते आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता.

तुमच्या गाडीसाठी मी हा क्रम धरेन. आधी बंदुकीने खरं तापमान, सोबत पेट्रोलच्या काट्यावर नजर. मग डॅम्परची खूण, व्हॅक्यूम नळीची अवस्था आणि तीन हजारांवरचं टायमिंग. मग पुठ्ठ्याचा डिफ्लेक्टर आणि खालचा होज. थर्मोस्टॅट तपासून परत आत. त्यानंतर निळ्या द्रवाची चाचणी आणि प्लगचा रंग. इतकं होईपर्यंत एकही नवा भाग घेऊ नका, टायमिंग लाइट आणि थर्मामीटर एवढाच खर्च. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून तापमान लिहून ठेवा. पंप आणि ब्लॉक उघडायची पाळी त्यानंतर.

तोवर हायवेवर काटा चढलाच तर वेग कमी करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात चालू करा. तो छोटा दुसरा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घ्या. वाफ येत नसेल तर एखादं मिनिट जरा वाढवलेल्या आयडलला चालू ठेवून मग बंद करा, वाफ येत असेल तर लगेच बंद. झाकणाला तासभर हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

व्हॅक्यूम नळी कुठे जोडलेली आहे त्याचा फोटो आणि आयडल व तीन हजार फेऱ्यांना दिसलेले टायमिंगचे आकडे कळवा, मग पुढचं नेमकं सांगता येईल.